पायाखालची वायर

पार बंद पडलेल्या गाडीला मी कधी भ्यालो नाही. ती मिस्त्रीला सोपी. बॅटरीपासून वायर धरायची आणि करंट कुठवर येतो ते बघत पुढं जायचं. जिथं करंट संपला तिथं दुखणं. विहिरीपासून पाट धरून चालत जावं आणि पाणी जिथं अडलंय तिथं खोरं घालावं, तसलंच काम. मला भीती वाटायची ती मधूनच बंद पडणाऱ्या गाडीची. मालक काकुळतीला येऊन तक्रार सांगत असतो आणि गाडी आपल्यासमोर शहाण्यासारखी चालत त्याला खोटं पाडत असते. मुरगूडच्या एका गूळवाल्याच्या ट्रकचा हॉर्न डावीकडं वळलं की आपोआप वाजायचा. माझ्या दारात आणला की मुका. तीन खेपा झाल्यावर मीच त्याच्या शेजारी बसून मुरगूडपर्यंत गेलो, तेव्हा स्टिअरिंगच्या नळीत सोललेली वायर सापडली. तोवर वाटेवरच्या गावांनी त्या ट्रकचं नाव ‘रडकी’ ठेवलं होतं.

लक्ष्मीपुरीत माझं मोटार वायरिंगचं दुकान होतं. उभी हयात त्यात गेली. या अंकाच्या संपादकांनी विचारलं, तुमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड फॉल्ट कोणता? मी दोन दिवस विचार केला. अवघड पुष्कळ होते. पण त्यातला एक असा आहे, की त्याचं कारण सापडलं, दुरुस्ती झाली, गाडीही चालली, आणि तरी तो सुटला असं मला अजून वाटत नाही. तोच सांगतो.

कोल्हापूर संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मोठ्या घरांतून जुन्या मोटारी विकायला निघत होत्या. अण्णासाहेब म्हणून एक वकील होते. संस्थानच्या कोर्टात जन्म गेलेला, आता घरीच असायचे. त्यांनी एका सरदार घराण्यातली जुनी उघडी मोटार घेतली. वर कापडी छत, पितळी दिवे, लाकडी आऱ्यांची चाकं. गाडीबरोबर तिचा ड्रायव्हर ज्ञानूमामाही त्यांच्याकडं आला. साठीचा माणूस, कागलकडच्या खेड्यातला. आयुष्यभर त्यानं ही एकच गाडी चालवली होती.

एका मे महिन्यात अण्णासाहेब दुकानात आले. म्हणाले, “मिस्त्री, परवा बेळगावला जायचंय. कमलची मुलाखत आहे. गाडी नीट बघून द्या, आणि तुम्हीही बरोबर चला. काही अडलं तर माणूस पाहिजे.”

कमलताई म्हणजे त्यांची मुलगी. लग्न होऊन दीड वर्षातच नवरा गेला होता. त्या परत येऊन कॉलेजात शिकल्या, सायन्स घेऊन पदवी मिळवली. बेळगावच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला बाई हव्या होत्या, राहायला शाळेच्याच आवारात खोली होती. अण्णासाहेब सांगताना आवाज खाली आणून म्हणाले, “इथं ती घराबाहेर पडली की लोक आधी तिच्या कपाळाकडं बघतात हो. तिकडं तिला कुणी ओळखत नाही. तिला हे मिळालं पाहिजे.”

मी तेव्हा सव्वीस-सत्तावीसचा होतो. हातात गुण आहे असं चार लोक म्हणायला लागले होते आणि मला ते खरं वाटायला लागलं होतं.

गाडी बघितली. बॅटरी होती ती फक्त दिव्यांना आणि हॉर्नला. इंजिनाला मॅग्नेटो होता. आम्ही त्याला मॅग्नेट म्हणायचो. हल्लीच्या वाचकांनी तो बघितला नसेल, म्हणून सांगतो. तुमच्या गाडीत ठिणगीला लागणारा करंट बॅटरीतून येतो. किल्ली फिरवली की सुरू, उलटी फिरवली की बंद. मॅग्नेटोच्या पोटात लोहचुंबक असतं. इंजिन फिरलं की तोही फिरतो आणि स्वतःचा करंट स्वतः तयार करतो. बॅटरी काढून फेकून दिली तरी इंजिन चालणार. मग ते थांबवायचं कसं? त्यासाठी मॅग्नेटोपासून एक बारीक वायर ड्रायव्हरसमोरच्या फळीवरच्या बटणापर्यंत नेलेली असते. बटण बंद केलं की ती वायर गाडीच्या लोखंडाला टेकते, करंट ठिणगीकडं जायचा तो लोखंडात जिरतो आणि इंजिन गप्प होतं. गाडीतल्या बाकीच्या वायरी तुटल्या तर काम अडतं. ही एक वायर अशी, की तुटली तर इंजिन चालतच राहतं आणि नको तिथं लोखंडाला लागली तर बंद पडतं.

हे मला तेव्हा पाठ होतं. कुणी विचारलं असतं तर घडाघडा सांगितलं असतं.

त्या दिवशी दुरुस्ती करताना दिसलं, की बटण बंद करूनही इंजिन थांबत नाही. ती बारीक वायर मॅग्नेटोपासून सुटलेली होती. तिच्या टोकाला कापडी पट्टी गुंडाळून वर दोरा बांधलेला होता. मी दोरा तोडला, पट्टी सोलली, तांबं खरडून लख्ख केलं, नवं टोक बसवून कथलाचा डाग दिला आणि स्क्रूखाली आवळून टाकलं. बटण फिरवलं. इंजिन जागच्या जागी शांत. मला फार बरं वाटलं. जी वायर नुसती निसटलेली असते, तिच्या टोकाला कुणी दोरा बांधत बसत नाही. ज्यानं बांधला, त्यानं विचार करून ती वायर सोडली होती. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. गाडी एकट्यानं पंचगंगेच्या पुलापर्यंत नेऊन आणली. घड्याळासारखी चालली.

निघायच्या दिवशी सकाळी सहाला ज्ञानूमामा गावाहून आला. मी त्याला बटण फिरवून दाखवलं.

“हे बघा मामा. आता बटणावर बंद होतीय.”

तो चकित झाला. “व्हय की! मी आलो तवापास्नं ही बटणाला ऐकत न्हवती. गियरमधी घालून ब्रेक दाबून मारावी लागायची. तुमी ल्हान वयात मोठं काम केलं.”

मी नुसता हसलो.

सातला निघालो. मुलाखत बाराला होती. सत्तर मैलांच्या आसपास अंतर, त्या गाडीला तीन-साडेतीन तास खूप झाले. अण्णासाहेबांना पुढं बसायची हौस, ते ज्ञानूमामाच्या डाव्या हाताला बसले. मागं एका कडेला कमलताई, मध्ये माझी हत्यारांची पेटी आणि दुसऱ्या कडेला मी. कमलताईंनी सर्टिफिकिटं एका पांढऱ्या रुमालात बांधून मांडीवर घेतली होती आणि त्यावर दोन्ही हात ठेवले होते.

कागल ओलांडलं. पुढं दूधगंगेच्या पुलाकडं उतार लागतो. समोरून म्हशींचा कळप आला. ज्ञानूमामानं हॉर्न वाजवला, ब्रेकवर पाय ठेवला, आणि एवढ्यात इंजिन आचके द्यायला लागलं. मागं सायलेन्सरमधून फाट्कन बार निघाला, म्हशी उधळल्या, आणि गाडी पुलाच्या तोंडाशी बंद पडली.

सगळे खाली उतरलो. मी बॉनेट उघडलं. प्लगची वायर काढून बघितली, ठिणगी चांगली निळी पडत होती. म्हणजे वीज आहे. उन्हानं पेट्रोलची नळी तापली असेल आणि पेट्रोलची वाफ अडली असेल असं धरलं. नळीवर ओलं फडकं गुंडाळलं. ज्ञानूमामानं हँडल मारलं, एका फटक्यात इंजिन सुरू.

“वाफ होती,” मी जाहीर केलं.

पण मनात एक गोष्ट बसत नव्हती. सकाळचे आठ वाजले होते. वाफ धरावी एवढं ऊन कुठं होतं?

तिथून निपाणीपर्यंत गाडी सुरेख आली. निपाणीच्या बाजारात तंबाखूच्या गाड्यांची गर्दी. एक बैल आमच्या अंगावर आला. ज्ञानूमामानं गाडी कडेला घेतली, आणि पुन्हा तेच. आचके, बार, बंद. भोवती माणसं जमली. एक गाडीवान चाकावर हात मारून म्हणाला, “काय पावणं, गाडी राजाची दिसतीया, पण बैल जुपावं लागत्यात जनू!” लोक हसले. अण्णासाहेबही कसनुसं हसले.

मी पुन्हा ठिणगी बघितली. निळी, टणक. पेट्रोल बघितलं, येत होतं. हँडल मारलं, चालू. बंद केली, पुन्हा हँडल, पुन्हा चालू. सगळं ठीक असलेल्या गाडीत दुरुस्त काय करायचं? पण दहा माणसं बघत असताना मिस्त्रीला नुसतं उभं राहता येत नाही. मी चारी प्लग काढून घासले. मॅग्नेटोचं झाकण काढून आतले पॉइंट पॉलिश कागदानं साफ केले, ते आधीच साफ होते. कार्बोरेटरचा जेट फुंकला. जाता जाता बटणाच्या वायरीचा स्क्रूही अजून अर्धा आटा आवळला. एवढ्यात पाऊण तास गेला.

स्टँडवर बेळगावची बस लागली होती. कंडक्टर “संकेश्वर, बेळगाव, बेळगाव” असा पुकारा करत होता. कमलताई माझ्याजवळ आल्या. तेव्हा पहिल्यांदा त्या माझ्याशी बोलल्या.

“मिस्त्री, खरं सांगा. गाडी पोचेल का? नाहीतर मी आणि अण्णा बसनं जातो. तुम्ही मागून या.”

इंजिन चालू होतं. आवाज एकसारखा, कुठं खोट नाही. माझ्या मनात काय होतं ते सांगायचं तर, काय बिघडलं होतं आणि मी काय दुरुस्त केलं, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. तोंडातून मात्र निघालं, “बस जाऊ द्या ताई. पॉइंट खराब होते, साफ केलेत. आता अडचण नाही.”

त्यांनी अण्णासाहेबांकडं बघितलं. अण्णासाहेब म्हणाले, “मिस्त्री म्हणतात तर आपल्याच गाडीनं जाऊ.” बस धूळ उडवत गेली. जागा पुष्कळ होती तिच्यात, खिडक्यांतून दिसत होतं.

निपाणीच्या पुढं लगेच तवंदीचा घाट. पहिल्या वळणावर वरून एक लॉरी आली, आणि गाडी गेली. हँडल मारलं, चालू. दोन वळणांनंतर कडेला खोल उतार दिसला, पुन्हा गेली. माथ्यावरून पलीकडं उतरायला लागलो, तेव्हा तर पन्नास पावलंही चालली नाही. अकरा वाजून गेले होते. ऊन आता खरंच तापलं होतं.

त्या तासाभरात माझी जी अवस्था झाली ती या धंद्यातल्या माणसालाच कळेल. प्रत्येक वेळी गाडी बंद पडायची, आम्ही उतरायचो आणि ती लगेच चालू व्हायची. मी मॅग्नेटो हलवला, वायरी ओढून बघितल्या, पेट्रोलची टाकी ठोकली, प्लग अदलाबदल केले. कधी वाटायचं पेट्रोल, कधी वीज. पेट्रोलचं असतं तर हळूहळू दम तोडला असता. विजेचं असतं तर ठिणगी गेली असती. उतरून बघतो तर ठिणगी हजर. एकदा पाना मॅग्नेटोवर पडला तर मी त्याच्यावरच ओरडलो. ज्ञानूमामा बिडी ओढत दगडावर बसला आणि म्हणाला, “मिस्त्री, तीस वर्सं चालवली. असं कदी केलं न्हाय हिनं. कुनाची नजर लागली म्हना.” नजर या शब्दाचासुद्धा मी क्षणभर विचार केला, एवढा मी गोंधळलो होतो.

कमलताई सावलीला उभ्या होत्या. रुमालाची गाठ हातात. त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, “मिस्त्री, एक विचारू? तुम्ही रागावणार नाही ना?”

“विचारा की ताई.”

“सपाट रस्त्यावर गाडी एकदाही बंद पडली नाही. म्हशी आल्या तेव्हा पडली. बैल अंगावर आला तेव्हा पडली. लॉरी, मग तो खोल उतार. म्हणजे भीती वाटावी अशा जागीच पडते.”

मी म्हटलं, “ब्रेक दाबल्यानं धक्का बसतो, त्यानं काहीतरी हलत असेल.”

“सपाटीलाही मामांनी कितीदा ब्रेक दाबला. मी मोजत होते.” मग त्या हळूच म्हणाल्या, “भीती गाडीला वाटत नाही. अण्णांना वाटते. ते अशा वेळी पाय रोवून मागं रेलतात. लहानपणापासून बघतेय, टांग्यातसुद्धा तसंच करतात. त्यांच्या पायाखाली काय आहे?”

मी पुढच्या दारापाशी गेलो. ज्ञानूमामाला इंजिन चालू करून ठेवायला सांगितलं आणि अण्णासाहेब पाय रोवत त्या डाव्या बाजूच्या तिरक्या फळीवर दोन्ही हातांनी जोर दिला. इंजिन अडखळलं. हात काढले, सावरलं. पुन्हा दाबलं आणि दाबूनच धरलं. इंजिन मेलं.

फळीचे स्क्रू काढले. खाली गाडीच्या सांगाड्याचं लोखंड, आणि त्याला चिकटून एक बारीक वायर गेलेली. तिच्यावरचं रबर आणि कापड कधीच कुजून गेलेलं. इंचभर तांबं उघडं, लोखंडावर घासून चकचकीत झालेलं. फळी दाबली की ती वायर लोखंडाला टेकत होती. आम्ही उतरलो की फळी वर येत होती, वायर सुटत होती आणि सगळं ठीक होत होतं. म्हणून उतरून बघितलेली ठिणगी दर वेळी निळी.

वायर कुठं जाते ते बोटानं धरत बघितलं. एक टोक बटणाकडं, दुसरं मॅग्नेटोकडं. मॅग्नेटोच्या स्क्रूखाली माझ्या हातचा कथलाचा डाग चमकत होता.

मला सगळं एका क्षणात कळलं. कुणीतरी जाणत्या माणसानं फार पूर्वी हाच फॉल्ट शोधला होता. फळी उचकटून नवी वायर घालण्यापेक्षा त्यानं मॅग्नेटोजवळचं टोक सोडून, त्याला पट्टी आणि दोरा बांधून ठेवला. गाडी बटणानं बंद होईना, पण वाटेत बंद पडेना. ज्ञानूमामाला ती तशीच मिळाली. आणि मी हुशारी करून ती जोडली होती. निपाणीत तर वर अर्धा आटा आवळलाही होता.

मी पक्कड घेतली आणि ती वायर मॅग्नेटोपाशी तोडली. मग सरळ उभं राहून म्हणालो, “जुनी वायर आहे. आतून कुजलीय. पाय पडला की लोखंडाला लागते.”

यात एकही शब्द खोटा नव्हता.

अण्णासाहेबांनी वाकून त्या उघड्या तांब्याला बोट लावलं. मग म्हणाले, “म्हणजे माझ्या पायानं बंद पडत होती?”

“तसं नव्हे अण्णासाहेब, वायर कुजलेली...”

“पण पाय माझाच की.”

त्या वेळी बोलायला हवं होतं. मी पक्कड पेटीत टाकली. ज्ञानूमामानं हँडल मारलं आणि आम्ही निघालो. बेळगावपर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही. अण्णासाहेब पुढच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन, लहान मुलासारखे बसले होते.

शाळेच्या फाटकात पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. ज्ञानूमामानं सवयीनं बटण फिरवलं. गाडी बंद होईना. शेवटी गियरमध्ये घालून ब्रेक दाबून मारली तेव्हा मोठा गचका बसला आणि फाटकातले लोक वळून बघायला लागले. कमलताई आत गेल्या. पदराला धूळ, रुमालावर माझ्या काळ्या बोटांचा एक डाग. कधी लागला कोण जाणे.

पंधरा मिनिटांत परत आल्या. समितीतले लोक उठून गेले होते. एक वयस्क बाई व्हरांड्यात भेटल्या, त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कागदही बघितले. म्हणाल्या, “थोडं आधी यायला हवं होतं. नाव ठरवून कागदावर सह्या झाल्या.”

परतीच्या वाटेवर अण्णासाहेब मागं बसले, मी पुढं आलो. पाठीमागून ते अधूनमधून म्हणायचे, “कमल, माझा पाय नडला गं.” आणि कमलताई म्हणायच्या, “असू दे अण्णा, दुसरी शाळा मिळेल.” संकेश्वर आलं, निपाणी आली, कागल आलं. मी समोर रस्त्याकडं बघत होतो.

पुढं दोन महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेलो. सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो. ओसरीवर तीन-चार मंडळी बसली होती आणि अण्णासाहेब त्यांना तीच गोष्ट रंगवून सांगत होते. “आमच्या पायात अशी काय वीज, की मोटार जागच्या जागी ठार!” मंडळी हसत होती. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. मला बघून म्हणाले, “या या मिस्त्री. अहो, हा पोरगा होता म्हणून पोचलो तरी. नाहीतर घाटातच रात्र झाली असती.” त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. मी चहा प्यालो आणि उठलो.

गाडी त्यांनी त्याच वर्षी विकली. इचलकरंजीच्या एका मागवाल्यानं नेली. मी तिची ती वायर पूर्ण नवी घालून दिली, रबराच्या नळीतून नेऊन, फळीपासून हातभर दूर. असलं काम करताना माणूस शीळ वाजवतो. मी वाजवली नाही. त्यानंतर दीड-दोन वर्षांत अण्णासाहेब वारले. मला उशिरा कळलं. लगेच कळलं असतं तरी गेलो असतो का, हे मला सांगता येत नाही.

चारेक वर्षांनी कुरुंदवाडला नदीवरच्या पंपाचं इंजिन बघायला गेलो होतो. त्यालाही मॅग्नेटोच होता, तो बंद पडलेला. दुसरा बसवून जुना पिशवीत टाकून स्टँडकडं निघालो, तर शाळेतून बायका-मुली बाहेर येत होत्या, आणि त्यांच्यात कमलताई. त्यांनीच आधी ओळखलं.

“मिस्त्री ना?”

त्या तिथं विज्ञान शिकवत होत्या. तीन वर्षं झाली होती. एक खोली घेऊन एकट्या राहत होत्या. बेळगावच्या मानानं गाव लहान, पगार कमी, लोक सगळी चौकशी करणारे. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, विचारलं म्हणून सांगितलं. मी तिथंच रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांना सगळं सांगितलं. पट्टी, दोरा, डाग, निपाणीतला अर्धा आटा. मधेच अडखळलो, पुन्हा मागं जाऊन सांगितलं. बोलणं काही सरळ झालं नाही.

त्या ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, “मला सांगून आता काय? अण्णांना सांगायला पाहिजे होतं तुम्ही. शेवटच्या आजारपणात त्यांना टांग्यातनं दवाखान्यात नेत होते, तेव्हाही पाय वर घेऊन बसले. मी म्हटलं, अण्णा, टांग्याला वायर नसते. तर म्हणाले, नको, कशाला नडायचं.”

मी माफी मागायला शब्द शोधत होतो, तर त्यांचं लक्ष पिशवीकडं गेलं. “हा मॅग्नेटो आहे?”

“हो. जुना आहे. झाकणाला तडा गेलाय, आत पाणी गेलंय.”

“दुरुस्त होईल?”

“होईल की.”

“मग करून आणा. माझ्या मुलींच्या पुस्तकात नुसतं चित्र आहे. हातात घेतल्याशिवाय त्यांना काही कळत नाही.” एवढं बोलून त्या निघून गेल्या. हा राग होता, काम होतं, की आणखी काही, मला उमगेना. मी बसमध्ये बसून तेच बोलणं मनात उलटंपालटं करत कोल्हापूरला आलो.

पंधरा दिवसांनी मॅग्नेटो घेऊन गेलो. लाकडी पाटावर घट्ट बसवला होता, फिरवायला एक दांडा लावला होता. वर्गात तीस-पस्तीस मुली. मी आयुष्यात वर्गापुढं उभा राहिलो नव्हतो. पण फिरवून ठिणगी दाखवली तसा धीर आला. बोलता बोलता त्या वायरीचंही सांगितलं, मी ती कशी जोडली आणि काय झालं ते. कुणाची गाडी ते सांगितलं नाही. कमलताई मागच्या भिंतीशी उभ्या होत्या.

एका मुलीनं विचारलं, “ही वीज अंगाला लागती का हो?”

“लागती. हळू फिरवली तर नुसता चिमटा बसतो.”

“आम्हाला लावा की!”

सगळ्या उठल्या. मी कमलताईंकडं बघितलं, त्यांनी मान हलवली. आधी मी स्वतः झटका घेऊन बघितला. मग एकीला दांड्यापाशी ठेवून बाकीच्या मुलींनी एकमेकींचे हात धरून वर्गभर वेटोळं केलं. एका टोकाच्या मुलीच्या हातात ठिणगीची वायर दिली. दुसऱ्या टोकाला मी, माझा एक हात मॅग्नेटोच्या अंगावर. शेवटची मुलगी आणि मी, यात थोडं अंतर उरलं होतं. तिथं कमलताई येऊन उभ्या राहिल्या. एका हातानं त्यांनी मुलीचा हात धरला आणि दुसरा माझ्यापुढं केला. माझ्या हाताला ग्रीसचा वास होता, मी तो शर्टाला पुसायला लागलो.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “धरा.”

मी धरला. दांड्यापाशी उभ्या असलेल्या मुलीनं एक फेरा दिला. सगळा वर्ग एकदम किंचाळला, आम्हीही ओरडलो, हात सुटले, मुली बाकांवर कोसळून हसायला लागल्या. कमलताई मनगट चोळत हसत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते हसून आलेलं की कशानं, हे मी तेव्हाही ठरवू शकलो नाही.

दांड्याजवळच्या मुलीला एकटीलाच झटका बसला नव्हता. तिनं मला विचारलं, “लागला का हो, मिस्त्री?”

“लागला की,” मी म्हणालो.